निळी तार

पिकअपच्या पडद्यावर लाल अक्षरांत ‘ट्रेलर ब्रेक मॉड्यूलमध्ये बिघाड’ असं उमटलं, तेव्हा लिंडन प्रॉक्टरने सगळ्यात आधी आजूबाजूला बघून घेतलं, की हे कोणी पाहिलं तर नाही ना.

पाहिलं होतं. पोर्ट मरिंडीच्या कॅरॅव्हॅन पार्कमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरांच्या वस्तीत, राहणारी बहुतेक माणसं निवृत्त होती, आणि एखादा परका इसम आपली गाडी उलटी घेत घेत कॅरॅव्हॅनला जोडायला बघतो आहे, यापेक्षा चांगला कार्यक्रम तिथे टीव्हीवरही लागत नसे. लिंडनची गाडी फाटकातून आत वळली तेव्हाच क्लेमने आपली घडीची खुर्ची उघडली होती. तो रेल्वेत सिग्नलवर नोकरीला होता आणि जगात जे जे बंद पडतं ते अर्थिंगमुळेच, असं त्याचं ठाम मत होतं. लिंडनचा तिसरा प्रयत्न फसून गाडी गुलाबाच्या वाफ्यात गेली, तोवर स्टॅव्ह्रोसही खुर्ची घेऊन आला. त्याचं मासे तळायचं दुकान होतं. त्याचा विश्वास फ्यूजवर.

“अर्थिंग,” क्लेम म्हणाला.

“फ्यूज,” स्टॅव्ह्रोस म्हणाला.

“मी पुस्तिका वाचून आलोय,” लिंडन म्हणाला. दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, की लिंडनला वर्गातली शेवटच्या बाकावरची पोरं आठवली. तो हायस्कुलात इतिहास शिकवत असे. तीस मुलांना नुसत्या भुवईने गप्प करण्याची त्याला सवय होती. खुर्चीवर बसलेल्या म्हाताऱ्यांवर भुवई चालत नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं.

कॅरॅव्हॅन त्याच्या सासूची, डल्सीची. वीसेक वर्षं ती याच जागेवर उभी होती. चाकांभोवती फुलझाडं वाढली होती आणि एका बाजूला पत्र्याची पडवी काढून तिच्यात वेताच्या दोन खुर्च्या मांडल्या होत्या. आता पार्कच्या मालकाने जमीन विकली होती. ईस्टर झाला की बुलडोझर येणार, आणि तोवर जी कॅरॅव्हॅन हलणार नाही ती भंगारात जाणार, अशी पाटी फाटकावर लागली होती. डल्सीची कॅरॅव्हॅन लिंडनच्या कूलबरीच्या घरामागे, मिरीसारखे दाणे येणाऱ्या मोठ्या झाडाखाली आणून ठेवायची, हे लिंडनच्या बायकोने, ब्रॉनविनने, ठरवलं. ठरवताना तिने नवऱ्याला विचारलंही होतं. लिंडन ‘हो, का नाही’ म्हणाला होता. त्या वेळी त्याच्या तोंडात भाजलेला बटाटा होता, आणि तोंडात बटाटा असताना दिलेला होकार कितपत बांधील मानावा यावर पुढे त्याने बराच विचार केला.

खरं सांगायचं तर पहिल्या संध्याकाळी त्याला थोडं जड गेलं होतं. मिरीच्या झाडाखाली त्याचा झोपाळा होता. दोरीचा, आडवा, रविवारी दुपारी पेपर तोंडावर घेऊन पडायचा. त्याने टेप लावून परसदार मोजलं. कॅरॅव्हॅन आणि झोपाळा दोन्ही मावणार नव्हतं. त्याने एक सुस्कारा सोडला. ब्रॉनविनने तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकला, आणि बायका असल्या गोष्टी विसरत नाहीत.

पहिला शनिवार प्लगमध्येच गेला. पिकअपचं सॉकेट चपटं आणि कॅरॅव्हॅनचा प्लग गोल. मधे लावायचा जोड आणायला लिंडन गावात गेला तर दुकानदार जेवायला गेलेला. जोड मिळाला तर तो बसेना, कारण गोल प्लगमध्ये कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं. भोकाभोकांत मातीच्या खोल्या, खोल्यांत अळ्या. लिंडनने स्क्रूड्रायव्हरने कोरायला घेतलं.

“तिचंही घरच ते,” क्लेम म्हणाला. “बुलडोझर आणलास होय रे?”

कोरून झालं, प्लग बसला, सगळ्या पिना बसल्या. लिंडनने गाडीत बसून मॉड्यूलचा, म्हणजे कॅरॅव्हॅनचे ब्रेक चालवणाऱ्या डबीचा, हिरवा दिवा बघितला आणि मोठ्या समाधानाने ब्रेकवर पाय ठेवला. पडद्यावर लाल अक्षरं आली.

तेवढ्यात मागे कॅरॅव्हॅनचं दार उघडलं आणि डल्सी पिठाचे हात घेऊन बाहेर आली. “कोण आलंय?”

“कोणी नाही हो,” लिंडन खिडकीतून म्हणाला.

“घंटा वाजली की.”

“तो गलाह असणार,” स्टॅव्ह्रोसने वर झाडाकडे बोट दाखवलं. पार्कमध्ये एक गुलाबी छातीचा काकाकुवा होता आणि तो फोनपासून केटलपर्यंत सगळ्यांच्या नकला करायचा. “मेला, परवा माझ्या बायकोच्या आवाजात ओरडला. मी भांडी घासून ठेवली, मग कळलं ती घरीच नाही.”

डल्सी आत गेली. लिंडनने पुन्हा ब्रेक दाबला. पुन्हा लाल अक्षरं, पुन्हा डल्सी. असं चारदा झालं. पाचव्या वेळी ती चहा आणि गरम स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, घेऊनच आली. म्हणाली, सारखी उठबस नको, मी इथेच बसते. मग घंटा वाजली की नाही कोणालाच कळलं नाही, कारण तोवर क्लेमने चाकाशी वाकून अर्थिंगवर व्याख्यान सुरू केलं होतं, स्टॅव्ह्रोस फ्यूजच्या बाजूने मधे मधे ओरडत होता, आणि गलाह दोघांचीही नक्कल करत होता.

ब्रॉनविनचा फोन आला. “निघालात का?”

“जरा बिघाड आहे. ब्रेकच्या वायरिंगमध्ये.”

“लिंडन. खरंच बिघाड आहे ना?”

“म्हणजे काय?”

“नाही, विचारलं आपलं. झोपाळा अजून बांधलेला दिसला मला आज.”

माणूस खोटं बोलत असताना पकडला गेला तर त्याला निदान आपण खोटं बोललो एवढा आधार असतो. लिंडनपाशी तोही नव्हता. बिघाड शंभर टक्के खरा होता आणि तो जितका खरा, तितका तो बहाणा वाटत होता. तो रिकामी गाडी घेऊन घरी परतला आणि जेवताना त्याने फ्यूज, रिले, पिनांचे क्रमांक हे सगळं इतकं खुलासेवार सांगितलं, की ब्रॉनविनचा उरलासुरला विश्वासही उडाला. निर्दोष माणूस इतकं बोलत नाही, असं तिचं शाळेच्या ऑफिसात काम करून झालेलं मत होतं.

मधल्या आठवड्यात वाहन नोंदणीच्या ऑफिसात जावं लागलं. कॅरॅव्हॅनची नोंदणी कधीच संपली होती. खिडकीपलीकडे एक अतिशय शांत बाई होत्या, चष्म्याला मण्यांची दोरी लावलेल्या.

“नोंदणीसाठी तपासणी लागेल,” त्या म्हणाल्या. “तपासणीला कॅरॅव्हॅन इथे आणा.”

“नोंदणी नसताना रस्त्यावर कशी आणू?”

“नाही आणता येणार. दंड होतो.”

“मग तपासणीवाले तिकडे येतील?”

“ते कुठे जात नाहीत.”

“मग?”

“हो ना,” बाई सहानुभूतीने म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

लिंडनने वर्गात मुलांना वेढ्यांचा इतिहास अनेकदा शिकवला होता. वेढ्यात अडकलेल्या लोकांनी उंदीर खाल्ले वगैरे. उंदीर खायची वेळ कशी येते ते त्याला आता आतून समजू लागलं. येताना तो गॅरेजमध्ये शिरला. तिथल्या तरुण मालकाने मॉड्यूल काढून, हुंगून बघितलं आणि “गेलंय” असं सांगून नवं बसवून दिलं. नव्या मॉड्यूलला निळा दिवा होता आणि आवाजही होता.

दुसऱ्या शनिवारी नव्या मॉड्यूलनेही तेच सांगितलं. फक्त जुनं गुपचूप सांगायचं, हे शिट्टी वाजवून सांगत होतं. आता लांबच्या रांगेतलेही लोक खुर्च्या घेऊन आले. कोणी म्हणालं चाकं काढ. कोणी म्हणालं देवाचं नाव घे. क्लेमने स्वतः आडवं होऊन अर्थिंगची तार घासून लख्ख केली आणि कमरेत उसण भरून तो तिथेच पडून राहिला. त्याला ओढून काढण्यात तासभर गेला. स्टॅव्ह्रोसने सगळे फ्यूज काढून पुसले, आणि परत लावताना दोन अदलाबदल केले. तेव्हापासून डावा सिग्नल दिला की पिकअपचे वायपर चालू होत.

“आता निदान काहीतरी चालतंय,” स्टॅव्ह्रोस म्हणाला.

लिंडन कॅरॅव्हॅनखाली उताणा पडून टेस्टरने तारा चाचपत होता. चाकांकडे जाणारी ब्रेकची तार निळी असते हे पुस्तिकेत होतं. निळी तार प्लगमधून निघत होती, सांगाड्याबरोबर थोडी जात होती, आणि मग फरशीच्या एका भोकातून वर नाहीशी होत होती. चाकांजवळ निळ्या तारेचं दुसरं टोक लोंबत होतं, कोणाशीच न जोडलेलं. मधला तुकडा कुठे गेला? त्याच्या नाकावर कोळी उतरला. डोकं आपटलं. बाहेरून टाळ्या पडल्या. त्या कशासाठी होत्या, ते त्याने विचारलं नाही.

संध्याकाळी खुर्च्या मिटल्या. एकेक माणूस ‘असू दे, होतं असं’ म्हणत गेला. लिंडन पडवीच्या पायरीवर बसला. शर्टाला ग्रीस, केसांत माती, कोपराला खरचटलेलं. डल्सीने त्याच्या हातात चहाचा मग दिला आणि शेजारी बसली. ती बारीक चणीची, पांढऱ्या केसांची. बोलताना समोरच्याकडे न बघता समुद्राकडे बघायची.

“एक बोलू का रे, लिंडन? रागावू नकोस.”

“बोला ना.”

“तुला मला न्यायचं नसेल तर स्पष्ट सांग. मी मनाला लावून घेणार नाही. शहरात म्हाताऱ्यांसाठी खोल्या असतात, मी चौकशी केलीये. ब्रॉनीला मी समजावीन. जन्मात कधी न बोलावता कोणाच्या दारात उभी राहिले नाही मी. आता या वयात कशाला?”

लिंडनने तोंड उघडलं. त्याला खूप काही सांगायचं होतं. की झोपाळ्याचं काही नाही. की पहिल्या दिवशी वाटलं होतं थोडं, पण आता नाही वाटत. की खांदा अवघडला, दोन शर्ट गेले, माणूस उगाच एवढं करतो का. पण वर्गाबाहेर त्याला बोलायला कधी जमलं नव्हतं, आणि आतापर्यंत पिनांच्या क्रमांकांनी त्याचं बोलणं इतकं नासवलं होतं, की त्याच्या तोंडून बाहेर आलं ते एवढंच:

“बिघाड खरा आहे हो.”

“बरं,” डल्सी म्हणाली. आजाऱ्याशी बोलतात तशा आवाजात. आणि उठून आत गेली, दार लावून घेतलं.

हे मात्र लिंडनला लागलं. तो गाडीत जाऊन बसला, काचा वर केल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या यंत्राला शिव्या दिल्या. शिव्या त्याला फारशा येत नव्हत्या. त्यातल्या दोन तर रोमन सम्राटांबद्दलच्या होत्या. शब्द संपले तेव्हा त्याने ब्रेकच्या पॅडलवर जोरात पाय आपटला.

डल्सीने दार उघडलं. “कोण?”

झाडावर गलाह नव्हता. तो केव्हाच थव्याबरोबर उडून गेला होता. डल्सीने इकडेतिकडे पाहिलं आणि दार लावलं.

लिंडनने पुन्हा पाय दाबला. दार उघडलं. “कोण आहे रे?”

त्याने पाय काढला, थांबला, मग अगदी हलकेच, चोरासारखा, पुन्हा दाबला. दार.

“डल्सी!” तो खिडकीतून इतक्या मोठ्याने ओरडला की क्लेम आपल्या कॅरॅव्हॅनमधून कमरेला पट्टा बांधूनच बाहेर आला. “तुमची घंटा! घंटेची तार कुठून येते?”

“पडवीच्या खांबाला बटण आहे, तिथून. अ‍ॅल्बीने लावली होती.”

अ‍ॅल्बी म्हणजे तिचा नवरा. जाऊन बरीच वर्षं झाली होती.

“पण मधली तार? ती कुठली घेतली?”

“ब्रेकची,” डल्सी सहज म्हणाली. “निळी. आयतीच होती ना पुढून मागे गेलेली. त्याने कापली आणि घंटेला जोडली.”

लिंडन गाडीतून खाली उतरला.

“हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?”

“तू विचारलंस का? तू ब्रेकचं विचारत होतास. घंटेचं कोणी विचारलं?” मग ती पुन्हा समुद्राकडे बघू लागली. “आम्ही फिरत होतो ना तेव्हा. सात गावं झाली, आठ झाली. इथे आलो आणि मी म्हटलं, अ‍ॅल्बी, पुरे आता, मला दमायला झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली शिरला, तार कापली, आणि घंटा लावून दिली. म्हणाला, घे. आता ही गाडी नाही, घर आहे. घराला घंटा पाहिजे.”

लिंडनच्या हातात पक्कड होती. आता काय करायचं ते पुस्तिकेप्रमाणे अगदी सोपं होतं. घंटेकडे जाणारी तार कापायची, मधला तुकडा टाकायचा, चाकांकडची टोकं जोडायची, टेप गुंडाळायची. डल्सीही बघत होती. ती काही म्हणाली नाही. कापू नको म्हणाली असती, तर लिंडनने कदाचित तिला नियम समजावून सांगितले असते. गप्प माणसाला काय समजावणार?

तो कॅरॅव्हॅनखाली शिरला. बऱ्याच वेळाने बाहेर आला तेव्हा चाकांकडची तार जोडलेली होती, जोडाला टेप गुंडाळलेली होती, आणि घंटेची तारही होती तिथेच होती.

“घंटा राहू दे,” तो ग्रीसचे हात पँटला पुसत म्हणाला. “तिने ब्रेकचं काही बिघडत नाही.”

तो गाडीत बसला, ब्रेक दाबला. चाकं घट्ट धरली गेली, निळा दिवा स्थिर राहिला, शिट्टी वाजली नाही. घंटा मात्र वाजली, खणखणीत.

“म्हटलं नव्हतं मी, अर्थिंग घासल्यावर फरक पडेल म्हणून?” क्लेम म्हणाला.

“फ्यूज पुसले कोणी?” स्टॅव्ह्रोस आपल्या खिडकीतून ओरडला.

ऑफिसातला वेढाही असाच सुटला. तीच बाई. लिंडनने हताशपणे विचारलं, “काहीच उपाय नाही का?” तर त्या म्हणाल्या, “आहे की. तपासणीपर्यंत नेण्याची एका फेरीची परवानगी देतो आम्ही. ब्रेक चालतात असं तुम्ही सही करून दिलंत की झालं.”

“हे मागच्या वेळी का नाही सांगितलं?”

“तुम्ही परवानगी मागितलीच नाहीत,” बाई म्हणाल्या. लिंडनने भुवई उचलली. मग हे वाक्य आपण अलीकडेच आणखी कुठेतरी ऐकलंय असं वाटून त्याने ती खाली घेतली आणि सही केली.

तपासणीचा अधिकारी जाड मिशांचा होता. त्याने दिवे पाहिले, टायर लाथ मारून पाहिले, वायपरबद्दल काही विचारलं नाही कारण लिंडनने शक्यतो डावा सिग्नल देणं टाळलं. “ब्रेक,” तो म्हणाला. लिंडनने दाबला. घंटा वाजली. अधिकाऱ्याने कान टवकारले.

“ही घंटा कसली?”

“ब्रेक लागल्याची सूचना,” लिंडन गंभीरपणे म्हणाला. इतिहासाच्या शिक्षकाला आवाजात विश्वास आणता येतो.

अधिकाऱ्याने नियमांचं पुस्तक उघडून बराच वेळ चाळलं. घंटेला मनाई कुठेच नव्हती. तिचा उल्लेखच नव्हता. त्याने शिक्का मारला.

ईस्टरच्या आदल्या शुक्रवारी ते निघाले. फुलझाडं क्लेमने आपल्या वाफ्यात हलवली होती, जरी बुलडोझर तिथेही येणार होता. तो म्हणाला, माझी गाडी निघेल तेव्हा बादलीत घालून घेईन. स्टॅव्ह्रोसने वाटेत खायला कागदात गुंडाळून तळलेले मासे दिले, आणि निरोप देताना इतका रडला की त्याला मासे परत हवे आहेत असं वाटून डल्सी ते द्यायला निघाली होती.

डल्सी पुढे बसली, मांडीवर स्कोनचा डबा. पहिल्या चौकात लिंडनने ब्रेक लावला आणि मागे घंटा वाजली. ती मागे वळली. दुसऱ्यांदाही वळली. मग वळायची थांबली. पण गव्हाच्या कापलेल्या रानांमधून जाताना, मेंढ्या आडव्या आल्या आणि घंटा वाजत राहिली, तेव्हा ती हळूच म्हणाली, “आलेच रे, आले,” आणि मांडीवरचा डबा सावरला. लिंडन रस्त्याकडे बघत राहिला. उतार असो नसो, त्या दुपारी त्याने गरजेपेक्षा जरा जास्तच ब्रेक लावले.

कूलबरीत घराच्या बाजूच्या वाटेने त्याने गाडी आत घातली. मिरीच्या झाडाखाली जागा मोकळी होती. झोपाळा ब्रॉनविनने नाही, त्यानेच आदल्या रविवारी काढून ठेवला होता, आणि त्याबद्दल घरात कोणीच काही बोललं नव्हतं. परसदारी कोणी नव्हतं. स्वयंपाकघरात रेडिओ लागलेला ऐकू येत होता.

लिंडन दार उघडून उतरणार, तेवढ्यात डल्सीने त्याच्या दंडाला धरलं.

“थांब. मी अशी मागच्या बाजूने गुपचूप नाही शिरणार.” डब्याचं झाकण तिने नीट दाबलं. “वाजव.”

लिंडनने ब्रेकवर पाय ठेवला आणि ठेवूनच राहिला. घंटा वाजली, वाजत राहिली, शेजारचं कुत्रं भुंकलं. रेडिओ बंद झाला. मागचं दार उघडून ब्रॉनविन पायपुसण्यावर आली, हाताला साबणाचा फेस, आणि बघतच राहिली. कॅरॅव्हॅनकडे, मग नवऱ्याकडे, मग आईकडे. तिचा चेहरा हळूहळू ओला होत गेला.

“अगं, बघतेस काय?” डल्सी खिडकीतून म्हणाली. “घंटा वाजली तर कोण म्हणून विचारायची पद्धत असते.”

ब्रॉनविनने फेसाच्या हातानेच डोळे पुसले. “कोण आहे?”

“मी आहे,” डल्सी म्हणाली. “चहा टाक.”

आणि ब्रॉनविन आत पळाली, चहा टाकून पुन्हा बाहेर आली, तिने आईला हाताला धरून उतरवलं, दोघी आत गेल्या, तरी घंटा वाजतच होती. लिंडनने ब्रेकवरचा पाय अजून काढला नव्हता.